बाद पद्धतीचे फुटबॉल सामने व महाराष्ट्रातील क्रीडारसिक

ज्या स्पर्धेत एका पराभवाबरोबर संघाचे त्या स्पर्धेतील अस्तित्व संपुष्टात येते, ती बाद पद्धतीची स्पर्धा होय. संघांच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून वा मानांकनानुसार ठरविल्या जातात. प्रत्येक फेरीत निम्मे संघ गळतात आणि उपउपांत्य, उपांत्य अशा पायऱ्यांनी अखेरीस दोनच संघ अंतिम सामन्यास उरतात. संघ कितीही असले, तरी विजेता ठरविण्यासाठी संघसंख्येपेक्षा एकाने कमी इतकेच निकाल पुरेसे होतात. संघसंख्या ४, ८, १६, ३२ अशा पटीत नसली, तर काही संघांना पहिल्या फेरीत न खेळताच ‘पुढे चाल’ मिळते. साखळी पद्धतीत प्रत्येक संघ इतरांशी खेळतो व गुणांची बेरीज होते. तीत एखादा वाईट दिवस भरून काढता येतो. बाद पद्धतीत बेरीज नसते. गुणवत्तेचे मोजमाप म्हणून ती सदोष आहे, हे क्रीडातज्ज्ञांनी वारंवार दाखवून दिले आहे. तरीही फुटबॉलरसिकांच्या स्मरणात राहिलेले बहुतेक सामने याच पद्धतीचे आहेत. महाराष्ट्रातील व एकंदर भारतातील फुटबॉलचा इतिहास पाहिला, तर या विसंगतीचा बराच उलगडा होतो.

पूर्वपीठिका : फुटबॉलमधील पहिली महत्त्वाची बाद पद्धतीची स्पर्धा म्हणजे इंग्लंडमधील फुटबॉल संघटनेची ‘एफ. ए. कप’ स्पर्धा. ती १८७१–७२ मध्ये सुरू झाली. संघटनेचे चिटणीस चार्ल्स ऑलकॉक यांनी आपल्या हॅरो या शाळेतील वसतिगृहांच्या आंतरस्पर्धेवरून तिची कल्पना घेतली होती. शाळेच्या मैदानावर एका हंगामात आटोपणारी ही योजना पुढे ब्रिटिश लष्कराबरोबर भारतात आली. लष्करी पलटणींची छावणी कधी हलेल याचा नेम नसे. दीर्घकाळ चालणाऱ्या साखळी सामन्यांपेक्षा काही दिवसांत निकाली निघणारी बाद स्पर्धा त्यांना सोयीची होती. सिमला येथे १८८८ मध्ये ड्युरँड चषक स्पर्धा सुरू झाली आणि १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स चषक स्पर्धेस प्रारंभ झाला.

रोव्हर्स चषक : पहिल्या वर्षीचा विजेता संघ वुस्टरशर पलटणीचा होता आणि त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ हा चषक गोऱ्या पलटणींच्याच हाती राहिला. हिंदी संघांना या स्पर्धेत प्रथमतः स्थान नव्हते. कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने १९२३ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. तेथे डरॅम लाइट इन्फन्ट्रीने त्याचा ४–१ असा पराभव केला. अखेर १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने चषक जिंकला व पुढील वर्षी तो राखला. कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंग संघाने १९४० मध्ये त्यावर आपले नाव कोरले. राजकीय सत्तेचा प्रश्न ज्या काळी सभागृहांत व रस्त्यांवर लढविला जात होता, त्या काळी एका सामन्यात राज्यकर्त्यांच्या पलटणीला स्पर्धेबाहेर घालविता येते, हा अनुभव प्रेक्षकांना फार मोठा वाटला. साखळी स्पर्धेत असा विजय कोष्टकातील दोन गुण ठरला असता. बाद स्पर्धेत पराभूत पलटणीला सामान आवरून परत जावे लागे.

मुंबईतील कूपरेज मैदान हे या स्पर्धेचे घर. पश्चिम भारत फुटबॉल संघटना (स्थापना १९११) तिचे व्यवस्थापन पाही. स्वातंत्र्योत्तर काळात हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे चषक जिंकून एक पराक्रम केला. एका पराभवाने बाहेर जावे लागते अशा स्पर्धेत पाच वर्षे एकही घातक चूक न करणे, हे केवळ नशिबाने घडत नाही. तेव्हा बाद पद्धत म्हणजे निव्वळ जुगार होय, हा आक्षेप या एका उदाहरणानेच बराचसा खंडित होतो. या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम (१९०९–६३) हेच पुढे राष्ट्रीय संघाचे मार्गदर्शक म्हणून गाजले. मुंबईच्या स्थानिक संघांपैकी कॅलटेक्सने १९५८ मध्ये, तर मफतलाल संघाने १९६५ मध्ये चषक मिळविला. नोकरी तेल-कंपनीत वा कापडगिरणीत आणि संध्याकाळी मैदानावर सराव, असा त्या काळच्या मुंबईकर खेळाडूचा दिनक्रम असे. कूपरेजवर येणारा प्रेक्षकही बहुधा त्याच कचेऱ्यांतला व गिरण्यांतला.

अंतिम सामन्यात निर्णयच न लागल्याचे प्रसंगही या स्पर्धेत घडले. १९६२ मध्ये ईस्ट बेंगॉल व आंध्र प्रदेश पोलीस, तर १९७२ मध्ये ईस्ट बेंगॉल व मोहन बागान हे संयुक्त विजेते ठरले. एकाला बाद करणे हाच ज्या पद्धतीचा प्राण, तिच्या शेवटी दोघेही विजयी ठरावेत हे रसिकांना रुचणारे नसते, आणि त्यांच्या नाराजीत तथ्य आहे.

भंडारा जिल्ह्याचा संबंध : विदर्भाच्या पूर्व टोकाचा भंडारा जिल्हा (१ मे १९९९ पर्यंत गोंदियासह) भात, तलाव व मँगॅनीजच्या खाणी यांकरिता प्रसिद्ध असून फुटबॉलचे मोठे केंद्र म्हणून त्याचे नाव घेतले जात नाही. तथापि या खेळाच्या दोन वाटा त्याला लागून जातात. पहिली वाट कामठीच्या छावणीची. ब्रिटिशांनी नागपूरजवळ वसविलेल्या या छावणीच्या गावात फुटबॉल रुजला आणि कामठी-नागपूर परिसरात त्याची परंपरा टिकून राहिली. दुसरी वाट लोहमार्गाची. मुंबई व कलकत्ता ही भारतीय फुटबॉलची दोन मोठी केंद्रे नागपूरमार्गे जोडणारा बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग गोंदिया, तुमसर रोड, भंडारा रोड (वरठी) व कामठी या स्थानकांवरून जातो. या रेल्वेचे नाव धारण करणारा कलकत्त्याचा ‘बी. एन. आर.’ संघ १९६४ मध्ये रोव्हर्स चषकाचा विजेता ठरला. रेल्वेची पुनर्रचना होऊन तोवर मूळ नाव मागे पडले होते. संघाने मात्र ते जपले. ज्या तीन अक्षरांशी भंडाऱ्याचा माणूस तिकिटांवरून व डब्यांवरून परिचित होता, तीच अक्षरे कूपरेजवरील विजेत्यांच्या यादीत आली.

राजकीय नकाशाही याच सुमारास बदलला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेनुसार भंडाऱ्यासह विदर्भाचे मराठी भाषक जिल्हे मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाले. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबर रोजी, मुंबईच्या एका खेळाडूने मेलबर्न येथे भारतीय फुटबॉलच्या इतिहासातील सर्वांत गाजलेली कामगिरी केली. भंडाऱ्याच्या वाचकाच्या दृष्टीने तो आता आपल्याच राज्याचा खेळाडू होता. दूरचित्रवाणी नसलेल्या त्या काळात अशा सामन्यांची वार्ता मिळण्याची साधने म्हणजे नागपूरहून येणारी वृत्तपत्रे आणि १९४८ मध्ये सुरू झालेले नागपूरचे आकाशवाणी केंद्र. सामना संपल्यावरच तो कळे. प्रत्यक्ष खेळ न पाहता केवळ निकालावरून तो मनात उभा करणारा रसिक हा त्या पिढीचा प्रातिनिधिक रसिक म्हणावा लागेल, आणि अशा रसिकाला साखळीच्या कोष्टकापेक्षा ‘जिंकले’ वा ‘बाहेर पडले’ ही वार्ता अधिक भिडे, यात नवल नाही.

ऑलिंपिकमधील भारत : ऑलिंपिक फुटबॉल त्या काळी बाद पद्धतीने खेळला जाई. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचा पहिलाच सामना फ्रान्सशी झाला. अनेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळले. भारताने दोन पेनल्टी किक वाया घालविल्या आणि अखेरच्या क्षणांतील गोलामुळे सामना २–१ असा गमावला. साखळी स्पर्धेत या खेळाची प्रशंसा होऊन पुढील सामन्याची तयारी सुरू झाली असती. येथे नव्वद मिनिटांत भारताचे ऑलिंपिक संपले. हेलसिंकीस १९५२ मध्ये तर यूगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा धुव्वा उडविला. त्यानंतर भारतीय खेळाडूंना बूट घालून खेळणे सक्तीचे करण्यात आले.

मेलबर्नच्या स्पर्धेत सोळा संघ अपेक्षित होते. प्रत्यक्षात अकराच उतरले. भारताची पहिली गाठ हंगेरीशी होती. १९५२ चा ऑलिंपिक विजेता व १९५४ च्या विश्वचषकाचा उपविजेता असा हा देश. परंतु १९५६ च्या शरद ऋतूत तेथे उठाव झाला, रशियन रणगाडे बूडापेस्टमध्ये शिरले आणि हंगेरीचा फुटबॉल संघ स्पर्धेत आलाच नाही. भारताला पुढे चाल मिळाली. उपउपांत्य फेरीत यजमान ऑस्ट्रेलियाशी सामना झाला. मूळचा गोव्याचा, मुंबईच्या टाटा व कॅलटेक्स या संघांकडून खेळलेला आघाडीचा खेळाडू नेव्हिल डिसोझा (१९३२–८०) याने या सामन्यात तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये असे करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. ऑस्ट्रेलियाने दोनदा बरोबरी साधली होती. तथापि उत्तरार्धाच्या प्रारंभी डिसोझाच्या तिसऱ्या गोलाने भारत पुन्हा पुढे गेला आणि कृष्णस्वामी (किट्टू) याने चौथा गोल करून निकाल ४–२ असा निश्चित केला. उपांत्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई देश ठरला.

उपांत्य सामना ४ डिसेंबर रोजी पुन्हा यूगोस्लाव्हियाशी झाला. चार वर्षांपूर्वी दहा गोल चढविणाऱ्या या संघाविरुद्ध मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा राहिला आणि त्यानंतर पहिला गोल डिसोझानेच केला. काही मिनिटे भारत ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर उभा होता. ही आघाडी फार टिकली नाही. दोनच मिनिटांत यूगोस्लाव्हियाने बरोबरी साधली, लागोपाठ आणखी दोन गोल झाले, चौथा भारतीय खेळाडूच्या पायाला लागून स्वतःच्याच जाळ्यात गेला. कांस्यपदकासाठीच्या सामन्यात बल्गेरियाने भारतास ३–० असे हरविले. भारत चौथा आला. डिसोझाचे चार गोल त्या स्पर्धेतील सर्वाधिक गोलांच्या बरोबरीचे होते.

या चौथ्या क्रमांकाचे मूल्यमापन कसे करावे, याविषयी मतभेद आहेत. आकड्यांची बाजू स्पष्ट आहे : तीन सामने, एक विजय, दोन पराभव. हंगेरीचा संघ आला असता, तर भारत बहुधा पहिल्याच फेरीत बाद झाला असता आणि डिसोझाचे नाव आज कोणास ठाऊक नसते. भारतीय फुटबॉलच्या ‘सुवर्णयुगाचा’ एक आधारस्तंभ अशा रीतीने भाग्यपत्रिकेतील एका रिकाम्या जागेवर उभा आहे, हे मान्य करणे भाग आहे. परंतु पुढे चाल मिळालेले संघ एकूण पाच होते. त्यांत यूगोस्लाव्हिया व बल्गेरियाही होते आणि त्यांच्या पदकांकडे कोणी संशयाने पाहत नाही. मैदानावर आलेल्या प्रतिस्पर्ध्याला हरविणे एवढेच खेळाडूच्या हाती असते, आणि यजमान संघाला त्याच्याच भूमीवर चार गोल करून बाद करणारा संघ दुबळा म्हणता येणार नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये, जेथे प्राथमिक फेरी साखळी पद्धतीची होती, भारताने त्याच हंगेरीशी झुंज देऊन सामना केवळ १–२ असा गमावला व फ्रान्सला १–१ असे रोखले. तरी गटात तो शेवटचा राहिला. मेलबर्नपेक्षा रोमचा खेळ काही बाबतींत सरस होता, असे मानण्यास जागा आहे. रसिकांना मात्र मेलबर्नच आठवते.

जाकार्ता १९६२ : बाद पद्धतीने भारताला जे दिले, त्याचे दुसरे व अधिक निर्विवाद उदाहरण म्हणजे १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धा. गटातील पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाने भारतास २–० असे हरविले. त्यानंतरचे सामने जिंकून भारत उपांत्य फेरीत गेला. तेथे त्याने दक्षिण व्हिएटनामला ३–२ असे बाद केले आणि ४ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात तोच दक्षिण कोरिया पुन्हा समोर आला. भारतीय पथकातील एका पदाधिकाऱ्याने यजमान देशाच्या धोरणावर केलेल्या टीकेमुळे जाकार्ताचा प्रचंड प्रेक्षकसमुदाय भारताविरुद्ध खवळलेला होता. रहीम यांनी डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंग या बचावपटूस आघाडीवर खेळविण्याचे धाडस केले. प्रदीपकुमार बॅनर्जी व जर्नेलसिंग यांच्या गोलांनी भारत २–१ असा विजयी झाला. मुंबईच्या टाटा संघाचा फोर्तुनातो फ्रँको हा या विजयी संघात होता. दोन्ही सामन्यांतील गोलांची बेरीज केल्यास कोरियाचे तीन व भारताचे दोन असे गोल होतात. सुवर्णपदक मात्र भारताचे. ज्या पद्धतीने १९४८ मध्ये दोन हुकलेल्या फटक्यांची किंमत वसूल केली, तिनेच येथे आधीचा पराभव पुसून टाकला. सुवर्णपदकाच्या आनंदात याविषयी तक्रार करणारा भारतीय रसिक आढळत नाही.

बरोबरीचा प्रश्न : बाद सामना बरोबरीत सुटला तर काय करावे, हा या पद्धतीतील जुना पेच. प्रारंभी सामना पुन्हा खेळविला जाई. मेलबर्नला रशिया–इंडोनेशिया हा उपउपांत्य सामना गोलशून्य सुटल्यावर पुन्हा खेळविण्यात येऊन रशियाने तो ४–० असा जिंकला. जादा वेळ व पुनःसामना यांनीही भागले नाही की चिठ्ठी वा नाणेफेक हाच मार्ग उरे. १९६८ च्या यूरोपीय स्पर्धेत इटली–रशिया हा उपांत्य सामना नाणेफेकीने निकाली काढला गेला. १९७० मध्ये पेनल्टी किकच्या साहाय्याने निर्णय करण्याचा नियम संमत झाला आणि विश्वचषक स्पर्धेत त्याचा अवलंब प्रथम १९८२ च्या पश्चिम जर्मनी–फ्रान्स उपांत्य सामन्यात झाला. सामूहिक खेळाचा निकाल एका खेळाडूच्या एका फटक्यावर सोपविणे अनेकांना अन्याय्य वाटते. नाणेफेकीपेक्षा ते निश्चित बरे, एवढेच म्हणता येईल.

दूरचित्रवाणीचा काळ : दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली, त्या स्पर्धेत भारत उपउपांत्य फेरीत सौदी अरेबियाकडून ०–१ असा पराभूत झाला. १९८६ च्या मेक्सिको विश्वचषकाचे थेट प्रक्षेपण दूरदर्शनने केले आणि छोट्या शहरांतील प्रेक्षकांस बाद फेरीचे सामने घडत असतानाच प्रथम पाहावयास मिळाले. काळातील फरकामुळे ते येथे रात्री उशिरा लागत. फ्रान्सविरुद्धच्या उपउपांत्य सामन्यात ब्राझीलच्या झीकोने पेनल्टी किक वाया घालविली, सामना १–१ असा सुटला आणि फ्रान्स पेनल्टी किकवर ४–३ असा पुढे गेला. निकालाची वार्ता दुसऱ्या दिवशी वाचणाऱ्या पिढीची जागा आता फटक्यापूर्वीची शांतता स्वतः अनुभवणाऱ्या पिढीने घेतली. या बदलाचा फटका स्थानिक स्पर्धांना बसला. राष्ट्रीय साखळी स्पर्धा १९९६ मध्ये सुरू झाली, संघांचे वेळापत्रक भरून गेले आणि रोव्हर्स चषक स्पर्धा २०००–०१ नंतर बंद पडली. शेवटचा विजेता मोहन बागान होता. १९२३ मध्ये अंतिम सामना गमावणारा संघ तो हाच.

महाराष्ट्रातील आंतरराष्ट्रीय बाद सामने : रोव्हर्स चषक बंद पडल्यावर सुमारे दीड दशकाने सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा २०१७ मध्ये भारतात भरली. तिच्या पूर्वतयारीत, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, राज्य शासनाने दहा लाख मुलांना मैदानावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवून राज्यभरातील शाळांत फुटबॉल सामने योजिले. यजमान भारत गटातच बाद झाला. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील क्रीडागारात २५ ऑक्टोबर रोजी स्पेन व माली यांच्यात उपांत्य सामना झाला. स्पेनने तो ३–१ असा जिंकला. परंतु उत्तरार्धात मालीच्या शेख डुकुरे याचा दुरून मारलेला फटका आडव्या खांबाला लागून रेषेच्या आत आपटला असता पंचांनी गोल दिला नाही. चित्रफितीत चेंडू आत गेल्याचे दिसते. तो गोल मिळाला असता तरी माली जिंकलीच असती, असे नव्हे. साखळीत अशी चूक एका सामन्यापुरती राहते. येथे तिने मालीच्या मुलांचा अंतिम सामन्याचा मार्ग अडविला.

२०२२ मध्ये महिलांची आशियाई चषक स्पर्धा मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे झाली. करोनाच्या संसर्गामुळे भारताला संघच उभा करता न आल्याने यजमान संघ स्पर्धेबाहेर गेला. पुण्यातील उपांत्य सामन्यात चीनने जपानला पेनल्टी किकवर हरविले आणि नवी मुंबईतील अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध दोन गोलांची पिछाडी भरून काढून ३–२ असा विजय मिळविला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा भुवनेश्वर, गोवा व नवी मुंबई येथे झाली. नायजेरियाच्या मुलींनी नवी मुंबईत अमेरिकेला १–१ अशा बरोबरीनंतर पेनल्टी किकवर ४–३ असे बाद केले. पाच दिवसांनी मडगाव येथे कोलंबियाविरुद्धचा उपांत्य सामना गोलशून्य सुटला व पेनल्टी किकवर त्या ५–६ अशा हरल्या. तिसऱ्या क्रमांकासाठी जर्मनीशी झालेला सामना ३–३ असा सुटला. त्याचाही निकाल त्याच मार्गाने लागून नायजेरियास ३–२ असा विजय व कांस्यपदक मिळाले. बाद फेरीतील तिन्ही सामन्यांच्या नियमित वेळेत हा संघ एकदाही हरला नव्हता. ३० ऑक्टोबर रोजी नवी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात कोलंबियाच्या खेळाडूकडून स्वतःच्याच जाळ्यात चेंडू गेला आणि त्या एकमेव गोलावर स्पेनने विश्वचषक राखला.